शेवटच्या स्टॉपच्या आधी

मधुबालेकडून मामांनी तिकिटाचे पैसे कधी घेतले नाहीत. ती त्यांच्या बसमध्ये कधी चढलीच नाही, हा भाग वेगळा. पण चढली असती तर घेतले नसते, आणि पुढच्या स्टॉपला चेकर चढला असता तर स्वतःच्या खिशातून भरले असते, इथपर्यंत त्यांचा सगळा विचार झालेला होता. ‘मोठी नोट दिली असती तिनं,’ मामा सांगत, ‘आणि आपल्याकडे सुटे नसते. आता तिला काय सांगणार, उतरताना घ्या म्हणून? ती नुसती हसली असती, आणि गाडी रूट सोडून थेट चौपाटीच्या वाळूत गेली असती.’

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. राहायला गिरगावात, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून पहिली खोली. नोकरी बेस्टमध्ये, बस कंडक्टरची. 1957 साली लागले, 1994 साली सुटले. या सदतीस वर्षांत त्यांनी दोनच कामं केली. ड्यूटीवर असताना प्रवाशांना जागेवर बसवलं आणि ड्यूटी सुटली की नटनट्यांना. पहिल्या कामातून ते निवृत्त झाले. दुसऱ्याला निवृत्तीचं वय नव्हतं.

सिनेमाचे जाणकार वेगळे. त्यांना छायालेखकांची नावं तोंडपाठ असतात आणि ते चष्म्याची काडी दातात धरून बोलतात. मामांकडेही माहिती होती, पण ती मतांच्या पोटात, शेंगदाण्याच्या लाडवात गूळ असावा तशी. आणि हे मत कुणी मागायची ते वाट पाहत नसत. पंगतीत यजमानानं ‘आणखी थोडा भात’ म्हणत वाढून मोकळं व्हावं, तसे ते ‘आता नूतनचं बघ’ म्हणून सुरू होत. हात आडवा धरायची सोय नव्हती.

अख्ख्या हिंदी सिनेमाची त्यांनी वर्गवारी केली होती, आणि ती केली होती प्रवासी म्हणून. त्यांचं म्हणणं असं, की माणूस कसा आहे ते लग्नात कळत नाही, मयतीला कळत नाही, तिकीट काढताना कळतं.

‘दिलीपकुमार घे. हा बसला की मान खाली. आपण समोर उभे, चिमटा वाजवतोय टिकटिक टिकटिक, आणि हा खिसे चाचपतोय. एक खिसा, दुसरा खिसा, परत पहिलाच. शेवटी ओठ हलतात. काय म्हणाला? भायखळा की भेंडीबाजार? दोनदा विचारायची आपली छाती होत नाही. एवढं दुःख आहे माणसाला! मग आपणच आपल्या पैशानं तिकीट फाडायचं. आणि त्याला कंडक्टर करून बघ. ज्या आवाजात तो “पुढे चला” म्हणाला असता ना, त्या आवाजात एक माणूस पुढे सरकला नसता. सगळे जागच्या जागी डोळे पुसत उभे.’

‘आणि देव आनंद?’

‘चालत्या गाडीत चढणार, चालत्या गाडीतून उतरणार. मधल्या वेळात दांडी धरणार नाही. मान एकीकडे, हात दुसरीकडे, टोपी तिसरीकडे. डबलडेकरमध्ये त्याच्यामागे तिकीट घेऊन वर जावं, तर हा खाली. खाली यावं, तर हा फुटपाथवर, आणि तिथूनही आपल्याकडेच बघून हसतोय.’

राज कपूर तिकीट काढणार नाही. पकडला तर असा चेहरा करील, की चेकरच त्याला दंडाऐवजी केळं देईल. के. एन. सिंग काही बोलत नाही, फक्त एक भुवई वर नेतो, आणि कंडक्टरच विचारतो, साहेब, मी उतरू का? प्राणला धूम्रपानाच्या मनाईची पाटी दाखवली, तर तो तोंडातून धुराचं एक गोल वर्तुळ सोडून बरोबर त्या पाटीला माळ घातल्यासारखं घालणार. नूतनकडे नेमके पैसे, आधीच मुठीत काढून ठेवलेले. ‘शोभनाबाईंनी वळण लावलंय,’ मामा म्हणत. शोभना समर्थांना त्यांनी 1943च्या ‘रामराज्य’मध्ये लहानपणी सीता म्हणून पाहिलं होतं, त्यामुळे त्या घराण्याच्या संस्कारांबद्दल त्यांना शंका नव्हती.

‘गुरुदत्तचं काय?’ मी एकदा विचारलं.

मामा थोडे थांबले. ‘खिडकीशी बसणार. त्याचा स्टॉप येणार आणि जाणार. डेपोत गाडी लागली की आपण जवळ जाऊन हळूच सांगायचं, साहेब, गाडी रिकामी झाली.’

बलराज साहनी मात्र उठून म्हातारीला जागा देणारा एकमेव माणूस. त्यांचं नाव निघालं की मामा बसल्या जागी ताठ होत, कारण इथून गोष्ट त्यांच्या खात्यात शिरायची. बद्रुद्दीन काझी नावाचा एक तरुण बेस्टमध्ये कंडक्टर होता. प्रवाशांची करमणूक करत करत तिकिटं फाडायचा. बलराज साहनी तेव्हा ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते. त्यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला गुरुदत्तसमोर दारुड्याची बतावणी करायला लावली. 1951च्या ‘बाजी’त त्याला काम मिळालं, आणि गुरुदत्तनं त्याला एका व्हिस्कीचं नाव दिलं. जॉनी वॉकर! नाव दारूचं, कामं दारुड्याची आणि माणूस थेंबाला न शिवणारा.

‘यात नवल काय?’ मामा म्हणत. ‘रात्रीच्या शेवटच्या गाडीला रोज दोन-चार झिंगलेले चढतात. आम्ही त्यांना सांभाळून घरापर्यंत नेतो. हा बघून शिकला. पिणाऱ्याला काय दिसतं? अभिनयाला शुद्धीवरचा माणूस लागतो.’

मला संशय आहे, की मामांनीही आपल्या बसमध्ये बलराज साहनींची वाट पाहिली असावी. तसं ते कधी बोलले नाहीत. पण 1973 साली बलराज साहनी गेले, त्यानंतर मामांनी बसमध्ये विनोद करणं कमी केलं, असं मामी सांगायच्या.

मामांचं दुसरं बळ म्हणजे गिरगाव. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913ला लोकांसमोर आला तो गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये. पहिला बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931ला लागला तो गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये, आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. मामांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला, तरी त्या गर्दीत आपण थोडक्यात हुकलो असा त्यांचा सूर असे. ‘सिनेमा गिरगावात जन्मला, गिरगावातच बोलायला लागला. पुढे दुडूदुडू पळायला लागला तेव्हा अंधेरीला गेला. पोरं मोठी झाली की चाळ सोडतातच.’

फाळक्यांच्या तारामतीवर तर त्यांचं फार प्रेम. ती तारामती म्हणजे अण्णा साळुंके. खाणावळीत स्वयंपाकाचं काम करणारा तरुण. स्त्रीभूमिकेला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी याला लुगडं नेसवलं. पुढे 1917च्या ‘लंकादहन’मध्ये याच गृहस्थांनी राम आणि सीता दोन्ही केले. ‘डबल ड्यूटी!’ मामा मांडीवर थाप मारत. ‘ओव्हरटाइम मिळाला का, ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि गंमत बघ. सीता पळवली. आता रामानं शोधायचं कुठं? आरशात!’

पण सगळ्यांवर विनोद करायचा नाही, असाही त्यांचा नियम होता. ललिता पवारांचा विषय निघाला की आवाज खाली येई. ‘बाई एके काळी नायिका होती. 1942 साली शूटिंगमध्ये भगवानची थप्पड जरा जोरात बसली, तोंडाची एक बाजू गेली, डोळा कायमचा बारीक झाला. दुसरी घरी बसली असती. हिनं त्याच डोळ्यावर पुढची चाळीस वर्षं सासू म्हणून काढली. आपण तिला कजाग म्हणतो आणि कौतुकानं घरी येतो.’ आणि तो भगवान? ‘अलबेला’नं 1951 साली सगळ्या देशाला नाचवलं, जुहूला बंगला आला, गाड्या आल्या, आणि नंतरच्या सिनेमांत सगळं जाऊन गृहस्थ दादरच्या चाळीतल्या खोलीत परत आला. ‘म्हणून काय नाचायचा थांबला? आजही वरातीत जो उठतो तो भगवानचाच पाय टाकतो. पडलेल्या माणसावर मी मत देत नाही.’

अभिनयाची त्यांची मुख्य कसोटी म्हणजे जेवणाचा सीन. ‘हिंदी सिनेमात ताट पुरं केलेला नायक मला दाखव. बसणार, एक घास घेणार, बापाशी खटका उडणार, की उठला. भूक नाही म्हणे! अरे, आईनं चूल फुंकून केलंय ते. अर्ध्यावर उठायचं ही काय रीत झाली?’

‘बघा कोण बोलतंय,’ असं काहीसं मामी स्वयंपाकाच्या ओट्याशी पुटपुटल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

मामांचं एकाच माणसाशी पक्कं वाकडं होतं. पृथ्वीराज कपूर.

सुरुवात काही वाईट नव्हती. पृथ्वी थिएटर्सची नाटकं ऑपेरा हाउसला व्हायची तेव्हा मामा शाळेत होते. नाटक सुटल्यावर पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान लववून उभे राहत आणि लोक जाता जाता चांगल्या कामासाठी त्यात पैसे टाकत. एकदा वडिलांबरोबर गेलेल्या मामांनीही त्या झोळीत दोन आणे टाकले होते. पुढे ‘आवारा’ आला. त्यात हा जज्जसाहेब दिवस गेलेल्या बायकोला घराबाहेर काढतो. मामांची मर्जी तिथंच हलली. ‘आणि कोर्ट बघ. आरोपी राज, साक्षीला त्याचा बाप पृथ्वीराज, आणि निकाल द्यायला खुर्चीत कोण? पृथ्वीराजचे वडील, बशेश्वरनाथ! लहानपणचा राज कोण, तर सख्खा भाऊ शशी. सगळं घरचंच. न्याय कसला मिळतोय?’

पण खरा कडेलोट झाला तो 1960 साली, ‘मुघल-ए-आझम’मध्ये. ‘माणूस मारला त्यानं,’ मामा एवढंच म्हणत. ‘एक नाचणारी पोर. तिचा गुन्हा काय, तर राजपुत्रावर जीव जडला. जिवंत भिंतीत चिणली तिला. आणि समोर दुर्गाबाई बायको म्हणून उभ्या, त्यांचं पण ऐकलं नाही.’ त्या दिवसापासून त्यांनी पृथ्वीराजना माफ केलं नाही. झोळीतले दोन आणे परत मागून घ्यायला हवे होते, असं ते चारचौघांत बोलून दाखवत. 1975मध्ये ‘शोले’ आला, मिनर्व्हाला पाच वर्षं हलला नाही, तेव्हा मामांनी त्यातही पुरावा शोधला. ‘गब्बरचा तो कालिया कोण, ठाऊक आहे? विजू खोटे. दुर्गाबाईंच्या दिराचा मुलगा. म्हणजे जोधाबाईचा पुतण्या. अकबराच्या घरातला मुलगा दरोडेखोरांत गेला! जाणारच. घरात माणसं चिणतात, पोरं बघत असतात.’

मी ‘मुघल-ए-आझम’ तोवर ‘छायागीत’मधल्या गाण्यापुरताच पाहिला होता. त्यामुळे अकबर हा खुनी, हे मीही शाळेतल्या इतिहासाइतकंच पक्कं धरून चाललो होतो.

मामांचा आणखी एक मोठेपणा चाळीत सगळे मानत. ते कधी कुणाला शेवट सांगत नसत. कथा रंगवतील, संवाद म्हणतील, गॅलरीत उभं राहून चाबूक फिरवतील, पण शेवट जवळ आला की थांबत. ‘पुढचं पडद्यावर बघा. शेवट फोडणं म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातलं श्रीखंड खाणं.’ दुसरा कुणी शेवट सांगायला लागला तरी ते कानांवर हात ठेवत. टीव्ही आल्यावर चाळीत एकाच घरी रविवारचा हिंदी सिनेमा बघायला तीस-पस्तीस माणसं जमत. मामा उंबऱ्यात उभे राहून मतं देत आणि शेवटची वीस मिनिटं उरली की ‘पुढचं मला माहीत आहे’ म्हणून घरी जात. आम्ही म्हणायचो, काय हा अधिकार!

एकदाच मला खटकलं. ‘प्यासा’वर बोलता बोलता मामा म्हणाले, ‘त्या कवीला शेवटी रॉयल्टी चांगली मिळाली असणार. पुस्तक एवढं खपलं.’

‘मामा, तो सगळं सोडून गुलाबोबरोबर निघून जातो ना?’

मामांनी कानांवर हात ठेवले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिनतिकिटाच्या माणसाकडे बघावं तसं. ‘तू नीट बघितलेला नाहीस,’ ते म्हणाले, आणि पान लावायला घेतलं.

2004च्या दिवाळीत ‘मुघल-ए-आझम’ रंगवून पुन्हा थिएटरांत लागला. मी मामांना घेऊन गेलो. खुन्याच्या घरी परत पाय ठेवायचा नाही म्हणून त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग ‘मधुबालेसाठी येतो’ म्हणाले. कोट काढला, त्यात डांबरगोळीचा वास होता. थिएटरात टॉर्च घेऊन जागा दाखवणारा डोअरकीपर नव्हता, खुर्ची मागे कलत होती आणि पॉपकॉर्नच्या पैशांत मामींनी आठवड्याची भाजी आणली असती. मामांनी तिन्हींवर मत दिलं. पडदा उजळला तेव्हा म्हणाले, ‘रंग दिला म्हणून चाळ नवी होत नाही. शीशमहालाचं गाणं तेव्हाही रंगीतच होतं. बाकीचं काळं-पांढरं होतं म्हणून तर त्या रंगाचा धक्का बसला होता.’

मग मात्र ते गप्प झाले. मधुबालेच्या अंगावर साखळदंड आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. बादशहानं शिक्षा फर्मावली. मामांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, कोटाचं बटण लावलं आणि उभे राहिले.

‘चल.’

‘अहो, शेवट राहिलाय!’

‘माहीत आहे मला शेवट. वेळ झाली.’

‘कसली वेळ?’

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मागच्या रांगेतून ‘काका, बसा’ असा आवाज आला. मी कोटाचं टोक धरून खाली ओढलं. ‘मामा, दहा वर्षं झाली ड्यूटी सुटून.’ ते बसले, पण खुर्चीच्या कडेवर, पुढचा स्टॉप आपला असल्यासारखे.

आणि मग भिंतीची ती मागची बाजू उघडली. अनारकलीच्या आईला बादशहानं फार पूर्वी एक वचन दिलेलं असतं. ते वचन तो पाळतो. भुयाराच्या वाटेनं मायलेकींना सोडून देतो, सलीमला कधी कळू द्यायचं नाही एवढ्या अटीवर. जगात कठोर म्हणून नाव राहील ते राहू दे. मशालीच्या उजेडात पृथ्वीराजचा तो भलाथोरला चेहरा, आणि त्याच्यासमोर कडेवर बसलेले मामा. मी पडद्याकडे कमी आणि मामांकडे जास्त बघत होतो. त्यांचं तोंड उघडं होतं.

परतताना बसमध्ये चार स्टॉप ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तीनचा शो. न्यूजरील आणि जाहिरातींत सव्वातीन. पिक्चर तीन तास सतरा मिनिटं. दहा मिनिटं इंटर्व्हल. किती झाले?’

‘सहा बेचाळीस.’

‘साडेसहाला डेपोत हजेरी. दहा मिनिटं चालत. म्हणजे सहा वीसला उठलंच पाहिजे.’ त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. ‘बावीस मिनिटं.’

तेव्हा कुठे मला सगळा हिशेब कळला. मामांची होती स्प्लिट ड्यूटी. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, आणि मधल्या रिकाम्या वेळात डोळ्यांवर ऊन घेत फिरण्यापेक्षा थिएटरचा अंधार बरा. सिनेमे लांब, सुट्टी आखूड. असे किती सिनेमे? ‘मोजले नाहीत,’ मामा म्हणाले. ‘पण शेवट कुठला पाहिलाय ते मोजायला सोपं पडेल.’

‘पण सुट्टीच्या दिवशी?’

‘सुट्टीच्या दिवशी शेवटची गर्दी नको म्हणून. आणि सवय रे. लास्ट स्टॉपपर्यंत कंडक्टर जातो. प्रवाशानं आपल्या स्टॉपला उतरावं. मी तिथं तरी प्रवासी होतो.’

‘मग शेवट?’

‘शेवट मी करायचो. संध्याकाळच्या ड्यूटीत. तिकिटं फाडता फाडता. गर्दीची वेळ, सगळे घामेजलेले, भांडतायत. अशा वेळी आपण काय त्यांना मारणार? सगळे सुखरूप घरी पोचवायचो.’ मग एकदम उसळून म्हणाले, ‘आणि हसतोस काय? “शोले”चा शेवट सेन्सॉरनं बदलायला लावलाच ना? ठाकूर गब्बरला संपवणार होता, तिथं पोलीस आणून उभे केले. सरकारनं शेवट बदलला तर चालतो, कंडक्टरनं बदलला तर चूक?’

‘पण मग अनारकलीला का नाही सोडवलंत?’

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. ‘तिथं सगळेच सांगत होते, भिंतीत गेली म्हणून. इतिहासात हात घालायची आपली छाती झाली नाही.’ आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा ते उठले, दांडी धरली आणि स्वतःशीच म्हणाले, ‘चव्वेचाळीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. बिचाऱ्यानं वरून एका शब्दानं सांगितलं नाही.’ पायरी उतरताना थांबून म्हणाले, ‘दोन आणे सत्कारणी लागले म्हणायचे.’

घरी आल्यावर मामींना मी हळूच विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं, अनारकली सुटते ते?’

‘म्हणजे काय! चाळीतल्या आम्ही सात जणी गेलो होतो. यांना डबा देऊन. पूर्ण बघून आलो.’

‘मग त्यांना सांगितलं का नाहीत?’

‘ते कानांवर हात ठेवतात ना,’ मामी म्हणाल्या आणि भाताला आधण ठेवायला गेल्या.

मला वाटलं, आता मामांचे राहिलेले शेवट एकेक करून भरून काढावेत. पुढच्या रविवारी मी ‘कागज के फूल’ची व्हीसीडी घेऊन गेलो. 1959चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. तेव्हा साफ पडला, आणि त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही. मामांचं त्याच्यावरचं मत जुनं होतं. ‘पडदा एवढा रुंद केला आणि मधोमध एकटा माणूस उभा केला. लोकांना वाटलं, बाकीची माणसं यायचीयत अजून.’ शेवटाबद्दल मात्र त्यांची खात्री होती. त्या दिग्दर्शकाची मुलगी त्याला शोधून काढते आणि हाताला धरून घरी नेते.

आम्ही तिघं बसलो. मामींनी शेंगा आणल्या. मामांनी टीव्हीपासून मोजून सहा फुटांवर खुर्ची लावली. स्टुडिओच्या काळोखात वरून उन्हाचा तो झोत पडला तेव्हा ते ‘वा’ म्हणाले, दुसरं काही नाही. दिग्दर्शकाची नोकरी गेली, नाव गेलं, दाढी वाढली. मुलगी बापाला शोधत होती. मामांनी घड्याळाकडे पाहिलं.

‘मामा, आज ड्यूटी नाही,’ मी म्हणालो.

‘नाही ना,’ ते म्हणाले आणि उठले. ‘मी इथं उतरतो.’ शेंगांची टरफलं मुठीत घेऊन ते गॅलरीत गेले आणि कठड्याला टेकून खालचा रस्ता बघत उभे राहिले.

मी त्यांना बोलवायला उठणार, तोच मामींनी डोळ्यांनी मला बसवलं. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो. रिकाम्या स्टुडिओतली ती दिग्दर्शकाची खुर्ची, त्या खुर्चीत तो म्हातारा, आणि सकाळी कामावर आलेली माणसं. मामींनी पदरानं डोळे पुसले. बहुधा त्या हे दुसऱ्यांदा बघत होत्या. टीव्ही निळा झाला.

गॅलरीतून मामांचा आवाज आला. ‘काय गं? गेला ना घरी?’

मामी शेंगांचं ताट उचलत म्हणाल्या, ‘गेला हो. केव्हाच गेला.’